माझ्यात माती भरली तेव्हा

मी एक जुने पितळी पातेले आहे, आणि मी रागावलेले आहे. मित्रांनो, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की बहुधा उसासे टाकतात, गेलेले दिवस आठवतात आणि शेवटी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला तुमच्या डोळ्यांतले पाणी नको. थोडा राग दिसला तर मात्र बरे वाटेल.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. आयुष्यभर पत्रे ठोकून त्याचे कान अर्धे गेले होते. तो मोठ्याने बोले आणि त्यामुळे समोरच्यालाही मोठ्याने बोलावे लागे. एके दिवशी कपड्यांच्या कारखान्यातल्या पाळणाघराच्या प्रमुख बाई त्याच्याकडे आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत.

"पातेलं हवंय, मोठं," त्या म्हणाल्या.

"किती माणसांच्या जेवणाचं?"

"माणसं नाहीत, पोरं. आणि जेवण नाही, सकाळची न्याहारी."

"मग बूड जाड लागेल," तांबट म्हणाला. "पोरांना करपलेलं चालत नाही. माणसं मुकाट गिळतात, पोरं थुंकतात."

त्याने मला मन लावून घडवले. गोल काठ वळवला, दोन्ही बाजूंना भक्कम कड्या बसवल्या आणि आतून कल्हई चढवली. मी इतके चकाकत होते, की दुकानातल्या मांजराने माझ्यात डोकावून पाहिले आणि स्वतःवरच फिस्कारले. मला तेव्हा फार अभिमान वाटला. तो मूर्खपणाचा अभिमान होता. भांड्याचा मोठेपणा चकाकण्यात नसतो, हे मला आत्याने शिकवले.

आत्या म्हणजे पाळणाघराची स्वयंपाकीण. तिचा भाऊ कारखान्यात कापड कापायचा. त्याची मुले तिला आत्या म्हणत, मग पाळणाघरातली सगळीच मुले म्हणू लागली, आणि शेवटी मुकादमापासून दूधवाल्यापर्यंत ती सगळ्यांचीच आत्या झाली. तिचे दंड भरदार होते आणि जीभ तिखट. पहिल्या दिवशी तिने मला उलटे करून बुडावर टिचक्या मारल्या आणि म्हणाली, "दिसायला बरं आहेस. आता काम कर."

काम भरपूर होते. कारखान्याची पहिली पाळी सूर्य उगवता उगवता सुरू होई. शिवणकाम करणाऱ्या बाया आपली मुले खांद्यावर टाकूनच आणत. मुले अर्धवट झोपेत असत. त्यांच्या पोटात आदल्या रात्रीचे काय उरले असेल तेवढेच. घरी इतक्या पहाटे चूल पेटवून मुलांना भरवायला त्या बायांना फुरसत कुठून मिळणार? मुले ताईकडे सोपवून त्या पळतच मशीनवर जाऊन बसत. ताई म्हणजे मुलांना सांभाळणारी, मऊ आवाजाची बाई. तिच्याविषयी पुढे सांगेन.

आत्याच्या फडताळात फार काही नसे. गव्हाचा भरडा, तांदूळ, मूगडाळ, शेंगदाणे, गूळ, तेल, मीठ. दूध रोज येई. भाजीवालीकडून गाजरे येत, कधी पालक, कधी केळी. एवढ्या सामानावर ती मुलांना आपण रोज नवे काही खातो आहोत असे वाटायला लावी. आधी भरडा माझ्यात कोरडाच भाजायचा, खमंग वास सुटेपर्यंत. वास सुटला की पलीकडच्या खोलीत एकेक डोके उशीवरून वर येई. मग त्यात डाळ, किसलेले गाजर, मीठ, उकळते पाणी, आणि वर झाकण. कधी तोच भरडा दुधात शिजे, त्यात गूळ आणि जाडसर कुटलेले शेंगदाणे पडत. कधी अंडी आली तर ती उकडून, कुस्करून भाताबरोबर. यात जादू काही नव्हती. साधे, ताजे, गरम अन्न होते, आणि ते वेळेवर होते.

मुलांमध्ये एक चिमणी होती. हे तिचे लाडाचे नाव. तिची आई शर्टांच्या कॉलर शिवायची. चिमणीची वाटी सगळ्यांत लहान आणि भूक सगळ्यांत मोठी. ती रोज चवड्यांवर उभी राहून माझ्या काठावरून आत डोकावायची.

"पातेल्यात काय आहे?"

"हत्ती," आत्या ढवळता ढवळता सांगायची.

"हत्तीत गाजर घातलंय का?"

"घातलंय. हत्तीला विचारूनच घातलंय."

मग चिमणी समाधानाने वाटी घेऊन बसायची आणि बोटांनी पुसून लख्ख करून परत आणायची. माझे कौतुक कुणी शब्दांत केले नाही. पण मित्रांनो, पुसून लख्ख केलेली वाटी परत येते, तेव्हा पातेल्याला आणखी काय ऐकायचे असते?

मग मोठ्या बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या पाठोपाठ कारखान्यात नवे साहेब आले. नवे साहेब कधी ओरडत नसत. ते सगळ्यांशी हसून बोलत, दारात आधी दुसऱ्याला जाऊ देत. त्यांच्यावर रागावणे लोकांना अवघड जाई. म्हणून ते काम मी अंगावर घेतले आणि आजवर मनापासून करते आहे.

साहेबांना धाग्यांची खोकी ठेवायला जागा हवी होती. कारखाना वाढत होता, खोकी वाढत होती. त्यांनी सगळीकडे फिरून पाहिले आणि त्यांना आमचे स्वयंपाकघर दिसले. खिडक्या चांगल्या, भिंती कोरड्या. धागा तिथे छान राहिला असता.

"आत्या," एका सकाळी ते म्हणाले, "आता तुम्हाला चुलीपुढे घाम गाळायला नको. मुलांची न्याहारी यापुढे तयारच येणार."

त्यांनी एक रंगीत पुडी पुढे केली. तिच्यावर गुबगुबीत गालांचे एक मूल हसत होते. आत्याने पुडी फोडली, चिमूटभर जिभेवर टाकले आणि तोंड वाकडे केले.

"साहेब, ही गोड भुकटी आहे. यावर पोर दुपारपर्यंत कसं तग धरणार?"

"यात सगळं असतं आत्या. शिवाय आपल्याला धूर नको, चटका बसायची भीती नको. मुलांच्या भल्यासाठीच आहे."

आत्याने पुडी परत त्यांच्या हातात ठेवली. मग म्हणाली, "बरं. मग निदान माझं पातेलं मला घरी नेऊ द्या."

"पातेलं कारखान्याचं आहे," साहेब हसून म्हणाले.

त्या दिवसांत आत्या प्रत्येक आईकडे गेली. सुट्टीत डबे उघडून बसलेल्या बायांना तिने सांगितले, की तुम्ही सगळ्यांनी मिळून साहेबांना सांगा, चूल राहू द्या. कुणी म्हणाली, बघू. कुणी म्हणाली, पुडी स्वच्छ तर असते. चिमणीची आई म्हणाली, "आत्या, तेवढीच तुम्हाला विश्रांती." ती हे प्रेमानेच म्हणाली. पण आत्याला ते लागले. दुसऱ्या दिवसापासून तिला शिवलेल्या शर्टांचे लोंबते धागे कापायच्या टेबलावर बसवले, आणि ती मान खाली घालून धागे कापू लागली.

माझे काय झाले? स्वयंपाकघरात खोकी आली आणि मला अंगणात टाकले. काही दिवस मी ऊन खात पडून होते. मग माळ्याला कुंडी हवी झाली. त्याने मला उपडे केले आणि बुडाला भोके पाडली. तांबटाने ज्या बुडासाठी एवढा जीव टाकला होता, ते बूड करकरत फाटले. मग माझ्यात माती भरली आणि लाल फुलांचे एक रोप लावले. माळ्याचा दोष नाही असे सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. निदान त्याने माझ्यात एकदा नाक घालून पाहायचे होते. भाजलेल्या गव्हाचा वास तेव्हा पुरता गेलेला नव्हता.

अंगणातून मला मुलांची खोली दिसे. पहिले काही दिवस मुले पुड्यांवर खूष होती. रिकाम्या पुड्यांवरून भांडणे होत, कारण प्रत्येकीवर वेगळे चित्र असे. आयाही खूष होत्या. मग हळूहळू काहीतरी बदलले. सकाळ थोडी वर आली, की मुले एकेक करून चटईवर आडवी होऊ लागली. पकडापकडी थांबली. मोठ्याने रडणेसुद्धा थांबले, नुसती कुरकुर राही. ताईला वाटले, मुलांना शिस्त लागली. तिने ते कौतुकाने साहेबांना सांगितले. साहेब पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे म्हणाले, "किती शांत मुलं आहेत तुमची."

मित्रांनो, मला तेव्हा तोंड असते तर मी काय बोलले असते, ते तुमच्यासारख्या मुलांपुढे सांगता येणार नाही.

आणि एके दिवशी चिमणी माझ्याकडे आली. ताई एका तान्ह्याला झोपवत होती, तिचे लक्ष नव्हते. चिमणी पूर्वीसारखी चवड्यांवर उभी राहिली, काठाला धरून आत डोकावली. आत हत्ती नव्हता, गाजर नव्हते. आत ओली काळी माती होती. तिने रोप थोडे बाजूला केले, बोटाने मातीचा एक तुकडा उकरला आणि तोंडात घातला.

मी तिला काहीही करून थांबवू शकत नव्हते. मी एक पातेले आहे. माझ्यात जे असेल ते देणे एवढेच मला येते. तिने चावले, गिळले, आणखी एक तुकडा घेतला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मग रोजच येऊ लागली. मी त्या मुलीला तिच्या पहिल्या दातांपासून खाऊ घातले होते, आणि आता मी तिला माती खाऊ घालत होते.

एका दुपारच्या सुट्टीत तिची आई तिला भेटायला आली. चिमणी हसली, आणि तिच्या दातांच्या फटींत काळे दिसले.

"काय खाल्लंस ग?" आईने विचारले.

"पातेल्यातलं."

"कोणत्या पातेल्यातलं?"

चिमणीने माझ्याकडे बोट दाखवले. आई माझ्याजवळ आली. मातीत लहान लहान बोटांचे खळगे पडलेले होते. एक ताजा होता, बाकीचे जुने. तिने माझ्या कडीला हात लावला, आणि आपण कुठले भांडे बघतो आहोत ते तिला कळले. चिमणीला कडेवर घेऊन ती थेट साहेबांच्या खोलीकडे गेली. साहेब तिला दारातच भेटले. ते दार अंगणात उघडते, त्यामुळे मी सगळे ऐकले.

"माती तर सगळीच मुलं खातात," साहेब शांतपणे म्हणाले. "जंताचं औषध द्या, बरी होईल. आणि तुम्हाला बरं वाटत असेल तर मी आजच कुंडी हलवायला सांगतो."

"कुंडी हलवता," चिमणीची आई म्हणाली.

"हो, लगेच."

तिने त्यांच्याकडे बघितले, चिमणीला ताईजवळ दिले आणि ती आपल्या मशीनवर जाऊन बसली. पण तिने पाय मशीनवर ठेवला नाही. शिवणाच्या मोठ्या खोलीच्या खिडक्याही अंगणात उघडतात. तिच्या शेजारी बाह्या शिवणारी बाई बसायची.

"काय झालं ग? बरं नाही का?"

"पोरगी माती खाते माझी. जुन्या पातेल्यातली."

शेजारणीने हातातली बाही खाली ठेवली. ती म्हणाली, "माझा कागद खातो. काल मी त्याला मारलं त्यावरून. चांगला दोन्ही हातांनी मारला."

मागच्या रांगेतून कुणीतरी बोलले, "आमची भिंतीचा चुना खरवडते. मला वाटलं खोड लागली."

एक मशीन थांबले, मग दुसरे, मग रांगच्या रांग. त्या खोलीतून मी आजवर फक्त घरघर ऐकली होती. ती थांबल्यावर झाडावरचे पक्षी ऐकू येऊ लागले. मुकादम धावत आला.

"अहो, चालू करा मशीनं. माल जायचाय."

"जाईल की," चिमणीची आई म्हणाली. "आधी पोरांचं खाणं, मग माल."

बाया बाहेर आल्या. त्यांनी माझ्यातले रोप अलगद उपटून भिंतीकडेच्या जमिनीत लावले, कारण रोपाने कुणाचे काही वाकडे केले नव्हते. मग माती झटकून टाकली आणि मला दोघींनी कड्यांना धरून साहेबांच्या दारात नेऊन ठेवले. मग कुणीतरी जाऊन आत्याला बोलावून आणले.

आत्या कात्री हातात घेऊनच आली. बायांना वाटले, तिला आनंद होईल. ती माझ्यापुढे बसली. तिने आत हात घालून बुडाशी चाचपले, आणि तिचे बोट एका भोकातून पलीकडे निघाले. तिने ते बोट तसेच थोडा वेळ राहू दिले.

"आता आठवण झाली का?" ती बायांना म्हणाली. "माझी चूल विझवली तेव्हा मी एकेकीच्या पाया पडायची बाकी होते. तेव्हा कुणाची मान वर झाली नाही. आता पोरं भिंती खायला लागली तेव्हा आत्या हवी."

मला सांगायला हरकत नाही, मला त्या वेळी बायांचाही राग आला होता, आणि आत्याने माझ्या वतीने तो बोलून टाकला.

"मीच म्हणाले होते, तुम्हाला विश्रांती मिळेल," चिमणीची आई म्हणाली. "चुकलं माझं. पाहिजे तेवढं बोला आत्या. पण आता काय करू ते सांगा."

आत्या उठली. "बोलेन नंतर. अजून पुष्कळ बोलायचंय. आधी भरडा आणा."

कुणी पळत दुकानात गेली, कुणी अंगणात विटा मांडल्या. माझ्यात तर आता पाणीही टिकत नव्हते. फाटकाबाहेरच्या चहावाल्याने आपले सगळ्यांत मोठे भांडे आणून दिले. अंगणात भरडा भाजला जाऊ लागला आणि खोलीतली मुले दारात येऊन उभी राहिली. ताई त्यांच्या मागे आली. तिने मुलांचे चेहरे बघितले आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसून रडली. "मला वाटलं, शहाणी झाली," ती म्हणत राहिली. तिला कुणी रागावले नाही. मी सोडून.

साहेब बाहेर आले. "हे नियमात बसत नाही," ते म्हणाले. आत्या ढवळत राहिली. बाया वाट्या पुढे करत राहिल्या. साहेबांना उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता. चिमणीने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा आत्याचा हात एकदम थांबला, आणि तिने पदराने तोंड पुसले. मग वाटी काठोकाठ भरली.

मशीने त्या दिवशी चालू झाली नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. बाया येत, आपापल्या जागी बसत आणि हात मांडीवर ठेवत. मग धाग्यांची खोकी स्वयंपाकघरातून निघाली. दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून ती साहेबांच्या खोलीबाहेर रचली गेली. साहेबांना आता तिरके होऊन आत जावे लागते. ते बघायला मला आवडते.

चूल परत पेटली. त्यासाठी नवे स्टीलचे पातेले आले. मला तांबटाकडे नेले होते, पण तो म्हातारा आता नाही. त्याच्या मुलाने मला उजेडाकडे धरून पाहिले आणि सांगितले, "भोकं बुजवून देतो, पण त्या जोडावर पोरांचं काही शिजवू नका." म्हणून माझी भोके तशीच राहिली. मला वाटले होते, मी शांतपणे मोडीत जाईन.

पण साहेबांना माझी आठवण झाली. त्यांनी मला घासून पुसून लख्ख करवले आणि कारखान्याच्या मोठ्या दारात, अंगण दिसेल अशा एका चौथऱ्यावर बसवले. बाजूला पाटी लावली, 'आमच्या मुलांची ताजी न्याहारी'. पाहुणे येतात, माझ्याबरोबर फोटो काढतात. साहेब हसून सांगतात, "आम्ही पहिल्यापासूनच याबाबतीत आग्रही आहोत." मी तिथे चकाकत बसते आणि आतल्या आत तापते. आत्या माझ्यापुढून जाते तेव्हा मान वळवते. एकदा ती चिमणीच्या आईला म्हणाली, "शिजवत नाही त्या भांड्याला सजवून काय मिळतं कुणाला?" मला तिच्या बोलण्याचे वाईट वाटले नाही. तिचे खरेच आहे.

मागच्या आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरातून वास आला नाही. पुरवठादाराचा भरडा पोहोचला नव्हता. साहेबांनी कपाटातून पुड्या काढायला सांगितल्या. "फक्त आजचा दिवस," ते म्हणाले. बाया मशीनवर बसल्या, पण मला घरघर ऐकू येईना. कुणी घोषणा दिली नाही, कुणी जागेवरून उठले नाही. मुकादमाने एकदा बायांकडे बघितले आणि तो स्वतःच पिशवी घेऊन दुकानाकडे निघाला. भाजलेल्या गव्हाचा वास दारापर्यंत आला, त्यानंतरच पहिले मशीन सुरू झाले.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी सांगतात, की जुन्या वस्तूंची काळजी घ्या. मी ते सांगणार नाही. भांडी झिजतात, नवी येतात. तुमच्या वर्गात सकाळी बाकावर डोके टेकून बसणारे एखादे मूल असेल. ते शांत आहे म्हणून त्याचे कौतुक करू नका. त्याला हळूच विचारा, सकाळी काय खाऊन आलास. 'काही नाही' असे उत्तर आले, तर आधी आपला डबा उघडा. मग मोठ्यांकडे जा आणि विचारा, हे असे का. ते तुमच्याकडे बघून हसतील, गोड बोलतील, उद्या बघू म्हणतील. तेव्हा जागचे हलू नका.